म्हशीवरची काच

बाळगोंडा पाटील खुर्चीतून उठले तेव्हा त्यांच्या गळ्यात माझ्या दवाखान्याचा निळा रुमाल तसाच होता आणि गालात कापसाचा बोळा. मी मागे वळून भुलीची सुई भरत होते. सुई घेऊन पुढे आले तर खुर्ची रिकामी आणि पाटील दाराशी.

"काका, अहो, अजून काहीच केलं नाही मी."

त्यांनी बोळ्यासकट काहीतरी उत्तर दिलं. मला ते कळलं नाही. चपला पायांत घालायलाही ते थांबले नाहीत, हातात घेऊन पायऱ्या उतरले. समोरच्या यंत्रमागांच्या शेडमधले दोन कामगार दारात येऊन उभे राहिले आणि पाटील कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांचे माग बंद होते. इचलकरंजीत भरदिवसा माग बंद पडणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्याला सांगायला नको.

"पळाले," माझ्या मदतनीस मालनताई म्हणाल्या. मी तिथंच उभी होते, मला दिसलं होतं. पण जे घडेल ते एकदा मोठ्यानं म्हणून टाकायची मालनताईंना सवय होती.

ही वीस-एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि दवाखाना उघडून चार महिने. दवाखाना म्हणजे सासरच्या घराची रस्त्याकडची खोली. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ती खोली देताना सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. नाही चाललं तर सुताच्या गोदामाला देऊन टाकू. खोलीत माणूस बसून राहण्यापेक्षा सूत बसलेलं बरं." ते रागानं बोलले नव्हते. अण्णा राग न येता असंच बोलायचे. माझे मिस्टर सुकुमार सूतगिरणीत इंजिनियर. ते तेव्हा शेजारीच उभे होते आणि काही बोलले नाहीत, कारण ते कधीच फारसं बोलायचे नाहीत.

पेशंट येत नव्हते असं नाही. येत होते, खुर्चीत बसत होते, आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीला ओल येऊन एक डाग पडला होता, तो नेमका दाढेच्या आकाराचा. खाली दोन मुळंसुद्धा होती. चुना मारला तरी पावसाळ्यात तो परत यायचा. पुण्याला चित्रं काढणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, उज्ज्वलाला, मी हे फोनवर सांगितलं आणि आठ दिवसांत तिनं पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळून आपल्या एका चित्राचा मोठा छापील प्रिंट पाठवला. पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच. संध्याकाळची नदी, काळंशार पाणी आणि मधोमध एक म्हैस. म्हशीचं डोकं, शिंगं आणि पाठीची एक रेघ तेवढी पाण्याबाहेर. बघणाऱ्याला जांभई यावी इतकं शांत चित्र होतं. जबडा उघडायला मला तेच हवं होतं.

गावातल्या आप्पासो सुतारांनी त्याला फ्रेम केली. काळी पट्टी, आत चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, वर जाड काच. दोघांनी धरून आणावी लागली. रविवारी चित्र भिंतीला लागलं, डाग झाकला गेला, आणि सोमवारी सकाळी त्या चित्रापुढे बसलेला पहिला पेशंट चपला हातात घेऊन पळाला.

"मालनताई, तुम्ही बसून बघा बरं खुर्चीत," मी म्हटलं.

त्या बसल्या. मी खुर्ची मागे कलती केली आणि दिवा लावला.

"अगं बया," मालनताई म्हणाल्या. "सगळं दिसतंय की मॅडम. दिवा दिसतोय, ट्रे दिसतोय, पकड दिसतीय, तुम्ही दिसताय. फक्त म्हैस दिसत न्हाई."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. चौगुल्यांच्या सुनेनं दवाखान्यात आरसा लावलाय, स्वतःचा दात निघताना स्वतःलाच बघावं लागतं. मंडईत मेथी घेताना एका बाईनं मला विचारलं, "ही नवीन पद्धत म्हणायची का?" अण्णांना मंदिरात तिघांनी विचारलं.

चित्र काढून टाकावं हे माझ्याही मनात आलं. पण काढलं असतं तर आरसा होताच, म्हणून काढला, असं झालं असतं. शिवाय भिंतीवरची ती ओलीची दाढ परत उघडी पडली असती. मी आप्पासोंना निरोप पाठवला.

आप्पासो पंचावन्नच्या पुढचे, अंगानं किरकोळ, कानावर पेन्सिल. गावातल्या निम्म्या घरांतले देव आणि गेलेली माणसं त्यांच्या हातून भिंतीवर चढलेली. भाद्रपदाच्या उकाड्यात त्यांनी मफलर बांधला होता, डाव्या गालावरून वर डोक्यापर्यंत.

"काय झालं मामा?"

"वारं लागलंय."

मी दातांची डॉक्टर. गाल कशानं सुजतो ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते चित्रापुढे उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले.

"हितनं तर काय दिसत न्हाई."

"उभ्यानं नाही दिसत. खुर्चीत बसून बघा."

आप्पासोंनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नको. मालनबाई बसू देत. मी हितनं काम करतो."

झालं असं, की चित्र काळं. काळ्यावर काच म्हणजे आरसाच, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. पांढरं चित्र असतं तर एवढं दिसलं नसतं. त्यांनी फ्रेमच्या वरच्या कडेमागे लाकडाचे दोन ठोकळे घातले, म्हणजे चित्र पुढे झुकेल आणि दिव्याचा उजेड खाली पडेल.

"आता?"

"आता दिवा न्हाई दिसत," मालनताई खुर्चीतून म्हणाल्या. "आता थुंकायचं भांडं दिसतंय. आत कायबाय हाय बघा."

मी ते भांडं धुतलं. आप्पासोंनी ठोकळे काढून खालच्या कडेमागे घातले.

"आता पंखा दिसतोय. उलटा फिरतोय."

"उलटा कसा फिरंल?"

"मला दिसलं ते सांगितलं."

मग मी बसले. मला पंखाही दिसला आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळही दिसली. तेवढ्यात अण्णा आले, त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसून बघितलं.

"मागच्या खिडकीतला रस्ता दिसतो की ह्यात," ते म्हणाले. "मगदुमाचा टेम्पो गेला आत्ता. चांगलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा जेवण झाल्यावर येऊन खुर्चीत आडवे व्हायचे आणि म्हशीवरून येणारी-जाणारी वाहनं बघायचे. पेशंट नसायचेच, त्यामुळे मला नाही म्हणता येईना.

चार दिवसांनी आप्पासो कोल्हापूरहून तळहाताएवढा काचेचा एक तुकडा घेऊन आले. म्हणाले, ही चकाकत नाही. खरंच चकाकत नव्हती. जुना एक छापील फोटो टेबलावर ठेवून त्यांनी तो तुकडा त्यावर टेकवला, छान स्वच्छ दिसलं. मग बोटभर वर उचलला आणि फोटो धुक्यात गेला.

"आपल्या फ्रेमीत माउंट हाय, म्हणजे काच कागदापासनं लांब ऱ्हाणार," ते म्हणाले. "म्हशीला मोतीबिंदू झाल्यागत दिसंल."

"न धूसर होणारी मिळते का?"

"मिळती की. बाहेरच्या देशातली. मुंबईत मागवाय लागंल." त्यांनी किंमत सांगितली. मालनताई टेकून बसल्या होत्या, त्या ताठ झाल्या. अख्ख्या फ्रेमवर हजाराच्या वर एक रुपया जाणार नाही असं मी अण्णांना सांगून बसले होते, आणि त्या काचेच्या किमतीत मला खुर्चीचं नवं कुशन आणि दिवा दोन्ही आले असते.

"राहू दे," मी म्हटलं. "चहा घ्या."

चहा त्यांनी बशीत ओतून गार होऊ दिला, मान उजवीकडे कलती केली आणि त्या बाजूनं आत घेतला. मी बघत होते. त्यांनी बशी आड धरली.

"दाखवता का जरा?"

"वारं हाय बाई ते. उतरतंय."

तिसरी खेप प्लास्टिकच्या पारदर्शक शीटची. काचेपेक्षा हलकं, फुटत नाही, भिंतीवरचा भार कमी. चकाकत होतं तेवढंच, पण आप्पासोंना वाटलं होतं की थोडं कमी चकाकेल. तेही चाललं असतं. पण इचलकरंजीच्या हवेत कापसाचा तूस, म्हणजे बारीक तंतू, असतो. तो नाकात असतो, दुधात असतो, देवाच्या तसबिरीवर असतो. ते शीट फडक्यानं पुसलं की तूस उलट त्याच्याकडे ओढला जायचा. दोन दिवसांत म्हशीच्या अंगावर पांढरी लव आली. मालनताईंनी ती जोर लावून पुसली, तेव्हा शीटवर गोल गोल चरे पडले आणि लव आणखी दाट झाली.

"म्हातारी झाली," मालनताई म्हणाल्या.

त्याच दुपारी अण्णा एका सुताच्या व्यापाऱ्याला घेऊन आले. त्यानं खोलीत पावलं टाकून माप घेतलं, छताकडे बघितलं, भिंतीला हात लावून ओल आहे का विचारलं. मी खुर्चीपाशी हातमोजे घालून उभी होते. का घातले होते ते मला माहीत नाही, पेशंट नव्हताच. व्यापाऱ्यानं मला नमस्कार केला आणि विचारलं, "ही खुर्ची काढता येते ना जमिनीतून?"

"येते," अण्णा म्हणाले.

रात्री सुकुमार घरी येईपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी तशीच आप्पासोंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे बोळातली लांबट खोली. भिंतीभर देव, नेते, नवरा-बायको आणि हार घातलेली माणसं, सगळे काचेआड. आप्पासो पट्टीचा कोन कापत होते.

"मामा, काच काढूनच टाकली तर?"

त्यांची करवत थांबली.

"आणि वर काय?"

"काही नाही."

आप्पासोंनी करवत खाली ठेवली. "बाई, तीस वर्सं झाली ह्या धंद्यात. देव केलं, माणसं केली. काचंशिवाय मी कुणाला भिंतीवर चढवलं न्हाई. काच न्हाई म्हंजे फोटू उघडा."

"ही म्हैस आहे."

"म्हैस झाली म्हणून काय झालं?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. व्यापारी आला होता हे सांगितलं, त्यानं खुर्चीबद्दल काय विचारलं तेही सांगितलं. आप्पासो माझ्याकडे न बघता फुटपट्टी पुसायला लागले.

"दिवाळी कवा हाय?"

"तीन आठवडे."

ते उठले, दुकानाच्या मागच्या फळीवरून लग्नाचा एक अल्बम काढला आणि माझ्यापुढे उघडला. पानांवर बोट फिरवायला सांगितलं. फोटोंवर एक पातळ पापुद्रा होता, खरखरीत नाही आणि गुळगुळीतही नाही. पान उजेडात कसंही फिरवलं तरी नवरी-नवरा दिसत होते, उजेड दिसत नव्हता.

"मॅट लॅमिनेशन म्हणत्यात. फोटूवाले करत्यात," आप्पासो म्हणाले. "चित्र फळीवर चिकटवायचं, वर ह्यो पापुद्रा. काच न्हाई, माउंट न्हाई. तूस बसला तर ओल्या फडक्यानं पुसायचा. काचंच्या निम्म्यात हुतंय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"ह्यात फ्रेमवाल्याचं काय काम ऱ्हातंय?" ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि एकदा चिकटलं की चिकटलं. वाकडं बसलं, फुगा आला, तर चित्र गेलं. तुमच्या भैनीनं दिलेलं हाय. इचार करून सांगा."

मी विचार न करताच हो म्हटलं. निघताना त्यांच्या हातात पाच दिवसांच्या गोळ्या ठेवल्या.

"ह्या कशावर?"

"वाऱ्यावर," मी म्हटलं. त्यांनी गोळ्या मुकाट्यानं खिशात टाकल्या.

पुढच्या सोमवारी, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, आप्पासो फळी घेऊन आले. या वेळी एकट्यानंच आणता आली. काळी पट्टी त्यांनी तीच ठेवली होती, बारीक करून, फळीच्या कडेनं. काचेशिवाय फ्रेम केली तरी कडा उघड्या ठेवणं त्यांना जमलं नव्हतं. म्हशीच्या पाठीमागे पाण्यात एक लहानसा फुगा राहिला होता. मी त्याकडे बघितलं.

"लाट हाय ती," ते म्हणाले.

चित्र भिंतीला लागलं. मालनताई खुर्चीत बसल्या, दिवा लावला.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई. नुसती म्हैस."

"दिवा?"

"न्हाई."

"पंखा? भांडं?"

"न्हाई म्हटलं की. म्हैस हाय आणि पाणी हाय."

आप्पासोंचं समाधान होईना. ते म्हणाले मालनबाईंची नजर कमी आहे. मालनताई म्हणाल्या, नजर कमी असती तर आधी पंख्याचं पातं उलटं फिरताना दिसलं नसतं. आप्पासो म्हणाले, तेच तर. मग मी बसून बघितलं आणि मालनताईंच्या बाजूनं साक्ष दिली. तरी आप्पासो उभेच. मफलर आज नव्हता, गाल बराच उतरला होता. ते मान तिरकी करून चित्राच्या एका कोपऱ्याकडे बघत होते.

"खरं दिसतंय काय ते बसल्याबिगर मला कळायचं न्हाई," शेवटी ते म्हणाले. हे ते स्वतःलाच सांगत होते. "नुसता बसणार हाय. काय करायचं न्हाई."

"नाही करत."

ते बसले. आधी खुर्चीच्या कडेला, मग मागे. मी खुर्ची सावकाश कलती केली. त्यांचे दोन्ही हात पोटावर होते आणि बोटं एकमेकांत अडकलेली. मी दिवा त्यांच्या तोंडावर आणला.

मागांचा खडखडाट तेवढा येत होता.

"बाई, ही म्हैस पाण्यात बसलीय का उठायलीय?"

"बसली आहे ना?"

"न्हाई. मान बघा तिची. उठाय निघालेली हाय. उठू का नको, असं चाललंय तिचं." ते थांबले. "पेशंटचं तोंड उघडं असतंय, न्हवं का?"

"हो."

"मग मान अजून मागं जाणार. नजर बदलणार." आणि आप्पासोंनी आपणहून तोंड उघडलं.

डावीकडची खालची शेवटची दाढ. अर्धी गेलेली, उरलेली हलत होती. बाजूला लवंग खोचलेली होती. हे माणूस किती दिवस सहन करत होतं कुणास ठाऊक. गोळ्यांनी सूज उतरली होती, आत्ता काढायला हरकत नव्हती. मी एवढंच म्हटलं, "मामा, ही काढावी लागेल. आज काढू, की परत येताय?"

त्यांनी तोंड मिटलं. चित्राकडे बघत राहिले.

"परत यायचो न्हाई," ते म्हणाले. "आज बसलोय तवर करा काय करायचं ते. मी चित्र बघतोय, माझ्याशी बोलू नका."

मी मागे वळले, सुई भरली, दोन क्षण थांबले आणि पुढे आले. सुई टोचताना त्यांचे पाय एकदा ताठ झाले. मग दहा मिनिटं आम्ही तिघंही म्हशीकडे बघत थांबलो. दाढ काढायला फार वेळ लागला नाही, पण एक मूळ वाकडं होतं, ते सोडवून घ्यावं लागलं. एवढ्या वेळात आप्पासोंनी एकदाही नजर हलवली नाही. मी दाढ ट्रेमध्ये टाकली, तिचा आवाज झाला तेव्हाच त्यांनी बघितलं.

"निघाली," मालनताई म्हणाल्या.

कापसाचा बोळा दाबून धरून अर्धा तास बसायला सांगितलं. आप्पासो बाहेरच्या बाकावर जाऊन बसले नाहीत, खुर्चीतच राहिले. अर्ध्या तासानं बोळा काढला. ओठ अजून बधिर होता, त्यामुळे शब्द एका बाजूनं सांडत होते.

"बाई, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"सांगा."

"पाटलाला पकड दिसलेली न्हाई. पकडीनं भ्यायचा गडी न्हवं त्यो. मळ्यात एकदा बोट तुटलं, तर दुसऱ्या हातात धरून दवाखान्यात गेल्ता."

"मग?"

"काचंत तुम्ही दिसला."

मला कळेना. "माझ्या तोंडाला तर मास्क होता."

"डोळ्याला कुठं हुता?" आप्पासो म्हणाले. "तुम्ही मागं वळून सुई भरली. मग ट्रेमधी ठेवून परत वळला. डोळं मिटलं आणि हात जोडलं. हातमोजं घालून. सगळं दिसलं त्याला काचंत. म्हणाला, डॉक्टरच देवाला बोलवाय लागला तर पेशंटनं कुणाला बोलवायचं?"

मालनताई ट्रे घेऊन आत निघाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. मी स्टुलावर बसले.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कॉलेजात पहिल्यांदा दात काढला त्या दिवसापासून दर वेळी सुई टोचण्याआधी मी पेशंटच्या पाठीमागे उभी राहून हात जोडून एकदा आमचा णमोकार मंत्र म्हणायचे. पेशंटला मागचं दिसत नाही, या भरवशावर. आणि मग त्या भरवशासमोर मीच पाच फुटांची काच लावून घेतली होती.

"तुम्हाला हे कधी सांगितलं त्यांनी?"

"त्याच दिवशी. चपला हातात घेऊनच आल्ता माझ्याकडं. म्हणाला, गावात न्हाई सांगणार, पोरगी नवीन हाय, दवाखाना बसंल तिचा. कुणी इचारलं तर सांगतो, आरशागत दिसतंय."

म्हणजे महिनाभर गाव आप्पासोंच्या फ्रेमला नावं ठेवत होतं आणि आप्पासो ठोकळे घालत होते, तुकडे आणत होते, शीट बसवत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात जोडायचं बंद केलं असतं," ते म्हणाले. "आणि मग मला ह्या खुर्चीत बसाय लागलं असतं, बिनदेवाच्या बाईपुढं."

ते सावकाश उठले. पायांत चपला घातल्या, कानावरची पेन्सिल चाचपली. दाराशी जाऊन वळले.

"आज जोडलं का न्हाई?"

"जोडले," मी म्हटलं. "दिसलं तुम्हाला?"

"न्हाई. मी सारखा बघत हुतो. कायबी दिसलं न्हाई," आप्पासो म्हणाले. एका कामगिरीचा निकाल द्यावा तसं ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी आप्पासोंच्या सौभाग्यवती आल्या, त्यांच्यानंतर त्यांचे व्याही. पाटील आठवड्यानं आले, आधी दारातून चित्राकडे डोकावून बघितलं आणि मग आत आले. दिवाळीच्या आदल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसायला जागा नव्हती, आणि अण्णांनी व्यापाऱ्याला परस्परच नाही कळवलं. मला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की काचेशिवाय ते चित्र बघण्यात काही राम राहिला नाही, आता रस्ता दिसत नाही.

पण मला सांगायची आहे ती आप्पासोंची दाढ काढली त्या सोमवारची रात्र. अण्णा जेवून झोपायला गेले होते. सुकुमार आणि मी उशिरा जेवायला बसलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं, पाटलांपासून आप्पासोंपर्यंत. त्यांनी भाकरी मोडत ऐकून घेतलं.

"खरं सांगा," मी विचारलं. "मी घाबरले की माझ्या डोळ्यांत दिसतं का?"

त्यांनी जरा विचार केला.

"दिसतं."

"कधी दिसलं तुम्हाला?"

"लग्नात. अंतरपाट दूर झाला तेव्हा. मला वाटलं, मला बघून घाबरली."

मी घास खाली ठेवला. "अहो, तुम्हाला बघून नाही. पाचशे माणसं होती समोर. आणि हे दोन वर्षं मनात ठेवलंत?"

"विचारणार कसं?" सुकुमार म्हणाले. आमटी वाढून घेतली, वाटी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीही घाबरलो होतो. माझं बाशिंग मोठं होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही."